बंद कारखान्यातला ट्रान्सफॉर्मर आणि घेतलेला बयाणा

प्रश्न : कुपवाड एमआयडीसीतला वडिलांचा कारखाना बरीच वर्षं बंद आहे. वडील गेल्यावर आवारातला जुना ट्रान्सफॉर्मर तेलासकट भंगारवाल्याला द्यायचं ठरवून मी वीस हजार बयाणा घेतला. आता मेहुणे म्हणतात, त्याच्या तेलात पीसीबी हे घातक रसायन असेल, विकू नका. भंगारवाला म्हणतो, शब्द फिरवलात तर कोर्टात खेचीन. काय करू?

उत्तर : मेहुण्यांचं ऐका. तेल आवाराबाहेर जाऊ देऊ नका.

रखवालदारमामांनी गुडघ्याला चोळायला बाटलीभर तेल नेलं, असं तुम्ही पत्रात जाता जाता लिहिलंय. मला तीच ओळ सगळ्यात जास्त टोचली. आजच त्यांच्या घरी जा आणि बाटली परत आणा. पीसीबी म्हणजे पॉलिक्लोरिनेटेड बायफेनिल. ते सहजी विघटन पावत नाही, शरीराच्या चरबीत साठत जातं, आणि माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत त्याची गणना होते. जपानमध्ये १९६८ साली ते खाद्यतेलात मिसळलं गेलं आणि त्या तेलात रांधलेलं अन्न खाणारे शेकडो लोक आजारी पडले.

तेल पाण्यात बुडतं का बघा, असं कुणी सांगेल. निव्वळ पीसीबी बुडतं हे खरं. पण साध्या खनिज तेलात ते थोडं मिसळलेलं असलं, तर तेल तरंगतंच. म्हणून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतूनच तपासणी करून घ्या. अशा चिवट विषारी रसायनांवरच्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम करारात पीसीबीसाठी किलोमागे ५० मिलिग्रॅम ही मर्यादा धरली आहे. भारतानं तो करार २००६ मध्ये स्वीकारला. ६ एप्रिल २०१६ च्या केंद्राच्या आदेशानं पीसीबीचं उत्पादन आणि आयात बंद झाली, वापराला ३१ डिसेंबर २०२५ ही शेवटची मुदत दिली, आणि ते जमिनीवर किंवा पाण्यात सोडायलाही मनाई केली.

समजा, अहवाल स्वच्छ आला. तरीही हा व्यवहार चालणार नाही. घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत वापरलेलं ट्रान्सफॉर्मर तेलही येतं, आणि ते फक्त परवानाधारकाकडेच देता येतं. कारखाना वडिलांचा होता, हा बचाव होत नाही. ताबा आज तुमच्याकडे आहे, म्हणून नियमांच्या भाषेत भोगवटादार तुम्हीच. भंगारवाल्यानं तेल ओढ्यात ओतलं किंवा भट्टीत जाळलं, तर नुकसानभरपाईसाठी तुम्हालाही हरित लवादापुढे उभं केलं जाऊ शकतं. पर्यावरण संरक्षण कायद्याखालचा दंड वेगळा, दहा हजारांपासून पंधरा लाखांपर्यंत.

ट्रान्सफॉर्मर खरंच तुमच्या मालकीचा आहे की महावितरणचा, हे जुन्या कागदांवरून पाहून घ्या. मग प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सांगली कार्यालयात लेखी कळवा आणि पोच घ्या. विल्हेवाट कुणामार्फत लावायची, हे तिथूनच लेखी मागा. खर्च येईल. भंगाराचे पैसे मिळण्याऐवजी पदरचे जातील, याची तयारी ठेवा.

आता बयाणा. ज्या कराराचा हेतूच कायद्यानं निषिद्ध आहे, तो भारतीय करार कायद्याच्या कलम २३ नुसार रद्दबातल. कोर्ट तुम्हाला तेल द्यायला लावणार नाही. मात्र घेतलेले वीस हजार तुम्ही ठेवून घेऊ नयेत. कलम ६५ चा रोखही परत देण्याकडेच आहे. कारण लिहून स्पीड पोस्टनं पत्र पाठवा आणि रक्कम बँकेतूनच वळती करा, रोख देऊ नका.