खानापूरच्या बांधावर सापडलेला ओलसर, पिवळ्या पट्ट्याचा प्राणी सॅलॅमँडर आहे का?

खानापूर तालुक्यात भाताचा बांध घालताना सापासारखा, पण ओलसर अंगाचा आणि दोन्ही कडांना पिवळा पट्टा असलेला प्राणी मातीतून निघाला, तो सॅलॅमँडर असावा का, असे आपण विचारले आहे. तो सॅलॅमँडर नाही. सॅलॅमँडरला चार पाय आणि लांब शेपूट असते, शिवाय सह्याद्रीत तो मुळीच आढळत नाही. भारतात त्याचे वास्तव्य पूर्व हिमालय आणि ईशान्येकडील डोंगरांपुरते आहे. दार्जिलिंगच्या बाजूला तो पावसाळ्यात डबक्यांत उतरून पाणवनस्पतींवर अंडी घालतो आणि थंडीत दगडाखाली किंवा ओंडक्याखाली निपचित पडून राहतो.

आपल्याला दिसले ते देवगांडूळ. नावात गांडूळ असले तरी त्याला पाठीचा कणा आहे, आणि बेडूक व सॅलॅमँडर यांच्याप्रमाणेच ते उभयचर आहे. आमच्या जांबोटीकडे उकिरडा उपसताना मी ते दोनदा पाहिले आहे. दोन्ही वेळा घरच्यांनी ‘दुतोंडी साप’ म्हणून काठी शोधली. डोके आणि शेपटीकडचे टोक सारखेच बोथट असल्यामुळे हा गैरसमज होतो. जवळून पाहिल्यास अंगावर सापासारखे उघडे खवले दिसत नाहीत, तर गांडुळासारखी वळी दिसतात, आणि कातडी बुळबुळीत असते. डोळे असून नसल्यासारखे. डोळा आणि नाकपुडी यांच्या दरम्यान एक बारीक स्पर्शिका असते, तिच्या साहाय्याने ते अंधाऱ्या मातीत वास घेत गांडुळे आणि वाळवी शोधते. माणसाला त्यापासून कोणताही अपाय नाही.

पिवळ्या पट्ट्याच्या देवगांडुळांची मादी पाण्याजवळच्या ओल्या मातीत अंडी घालते आणि अन्न शोधायला जाण्याऐवजी त्यांच्याभोवती वेटोळे घालून राखण करीत बसते. अंड्यांतून निघालेली पिले पाण्यात जातात. त्यांना कल्ल्याचे छिद्र आणि शेपटीला पातळ पर असतो. वाढ झाल्यावर ही दोन्ही लक्षणे नाहीशी होतात आणि प्राणी कायमचा मातीत शिरतो. म्हणूनच ओढ्याचा काठ आणि त्याला लागून असलेली सेंद्रिय, भुसभुशीत माती या दोन्ही गोष्टी त्याला एकाच ठिकाणी लागतात. आपला बांध नेमका तसाच असणार.

आपल्याच तालुक्यातील चोर्ला गावातून देवगांडुळांच्या दोन जाती शास्त्राला नव्याने कळल्या आहेत: म्हादई नदीवरून नाव मिळालेली ‘गेगेनिओफिस म्हादेइएन्सिस’ २००७ मध्ये आणि पिवळ्या पट्ट्याची ‘इक्थिओफिस डेव्हिडी’ २०११ मध्ये. आपले देवगांडूळ दुसरीपैकी असू शकेल. परंतु पश्चिम घाटात पिवळ्या पट्ट्याच्या जाती अनेक असल्यामुळे वळी मोजल्याशिवाय मी ते ठामपणे सांगणार नाही. पुन्हा निघाल्यास ओल्या हाताने उचलून पालापाचोळ्याखाली सोडावे. कोरड्या उन्हात त्याची कातडी लवकर सुकते.