भाकरीवर डोळा, तेलाकडे काणाडोळा

प्रश्न : वय ३९, उंची पाच फूट एक इंच, वजन ७४ किलो. दोन महिने ॲपमध्ये रोजचं खाणं लिहितेय. बेरीज १४०० कॅलरींच्या वर जात नाही, तरी काटा हलत नाही. जाऊबाई म्हणतात, "मोजायचं सोड. साखरेऐवजी गूळ, रिफाइंडऐवजी घाण्याचं तेल खा, वजन आपोआप उतरंल." कुणाचं ऐकू?
(एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर)

उत्तर : जाऊबाईंचं निम्मं बरोबर आहे, आणि तुमची बेरीज बहुतेक चुकली आहे. तुमच्या वय-उंची-वजनाला, घरकामाचा दिवस धरून, साधारण १७५० ते १९०० कॅलरी लागतात. खरोखर १४०० पोटात जात असत्या, तर दोन महिन्यांत दोन-तीन किलो उतरले असते.

चूक कुठे होते? सगळ्यात आधी तेलात. भाजी कढईत होते आणि नोंद वाटीची होते, मग फोडणीची पळी हिशेबातून निसटते. महिन्याला घरात किती तेल संपतं ते बघा. चार माणसांत पाच लिटर लागत असेल, तर माणशी रोज ४२ मिली, म्हणजे सुमारे ३४० कॅलरी. ॲपमध्ये तुम्ही दोन छोटे चमचे लिहिले असतील, तर त्या झाल्या फक्त ८०. इथेच अडीचशेचा फरक पडला.

दुसरी चूक भाकरीची. ॲपमधली भाकरी तळहाताएवढी असते, आपली ताटभर. ७५ ग्रॅम शाळूच्या (ज्वारीच्या) पिठाची एक भाकरी अडीचशे कॅलरींच्या आसपास जाते. भाताचा घोळ वेगळाच. कच्च्या तांदळाच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ३५० कॅलरी, शिजलेल्या भातात १३०. कच्चं तोलून शिजलेल्याच्या नावावर लिहिलंत, तर निम्म्याहून जास्त कॅलरी गायब. शिवाय भाजीत पडणारं शेंगदाण्याचं कूट (२० ग्रॅमला ११० कॅलरी) आणि दिवसातले तीन चहा. म्हशीचं ५० मिली दूध आणि दोन चमचे साखर धरली, तर तीन कपांचे पावणेतीनशे होतात.

म्हणून दोन आठवडेच, पण काटेकोर मोजा. स्वयंपाकघरात एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा ठेवा. पीठ मळायच्या आधी तोला आणि जेवढ्या भाकऱ्या झाल्या त्यांनी भागा. तुमच्या वाट्याचं आठवड्याचं १४० मिली तेल वेगळ्या बाटलीत काढा आणि तुमची भाजी त्यातूनच करा. हे रोज माणशी २० मिली झालं. चवीची काळजी नको, कांदा-लसूण चटणी तेलावाचूनही बोलते. पालेभाजी, काकडी, दोडका मोजत बसू नका, त्यात वेळ जातो आणि मन विटतं. दोन आठवड्यांनी अंदाज बसला की ॲप बंद करा. मग तेल, कूट, साखर आणि फरसाण यांच्यावरच लक्ष ठेवलं तरी चालतं.

आता जाऊबाईंचं निम्मं. अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०१९ मध्ये २० जणांना दोन आठवडे कारखान्यात तयार झालेलं आणि दोन आठवडे साधं, ताजं अन्न दिलं. ताटात वाढलेल्या कॅलरी, साखर, चरबी, तंतू सारखेच ठेवले आणि हवं तेवढं खायला सांगितलं. कारखानी अन्नावर लोकांनी रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खाल्ल्या. म्हणजे अन्न कसलं आहे, यावर हात कधी थांबतो ते ठरतं. पण घाण्याच्या तेलाने हात थांबत नाही. एक ग्रॅम तेलात नऊच कॅलरी, मग ते कशातूनही काढलेलं असो. दहा ग्रॅम साखरेत ४०, गुळात ३८. गूळ आपल्या जिल्ह्याचा आहे म्हणून त्याला सूट नाही. हात थांबतो तो दीड वाटी मटकीची उसळ, ताक, अंडी आणि वाटीभर कोशिंबिरीने. ताटात आधी हे वाढून घ्या, भाकरी त्यानंतर.

रोज सकाळी वजन करा, पण तुलना आठवड्याच्या सरासरीचीच. पाळीच्या आधी पाण्याने एक-दीड किलो सहज वाढतो. काटेकोर मोजूनही महिनाभर काही हललं नाही, किंवा थकवा, केस गळणं असेल, तर थायरॉइडची तपासणी करून घ्या. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन सुरू असेल, तर खाणं कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारा, रक्तातली साखर एकदम खाली जाऊ शकते.

प्रश्न : रविवारी मटण सोडवत नाही. तांबडा रस्सा हलका की पांढरा?
(एक वाचक, शाहूपुरी)

उत्तर : पांढरा दिसायला साधा असला, तरी त्यात नारळाचं दूध, काजू, खसखस असते, तो हलका धरू नका. खरी युक्ती अळणीत, म्हणजे मटण शिजवलेल्या पाण्यात आहे. मटण आदल्या रात्री शिजवा, अळणी पाणी गाळून फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी वर पांढरी साय धरलेली असते, ती चरबी. ती चमच्याने उचलून टाका आणि दोन्ही रस्से त्याच पाण्यात करा. पांढऱ्याला नारळाचं दुसऱ्यांदा काढलेलं पातळ दूध आणि निम्मेच काजू घाला. तांबड्यावरची तर्री वाटीत घेऊ नका.

प्रश्न : तालीम सुटून दहा वर्षं झाली. रोजचं लिटरभर म्हशीचं दूध आणि बदामाची थंडाई मात्र आहे. वजन १०८. पण हे सगळं चांगलंच अन्न ना?
(एक वाचक, गंगावेश)

उत्तर : चांगलंच आहे. पण व्यायाम सुटला आणि खुराक राहिला. लिटरभर म्हशीच्या दुधात हजाराहून जास्त कॅलरी असतात. १०० ग्रॅम बदामात ५८०. बदामाबाबत एक गंमत आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या संशोधकांनी २०१२ मध्ये मोजलं, तर २८ ग्रॅम अख्ख्या बदामांतून हिशेबाच्या १७० ऐवजी १२९ कॅलरीच शरीराला मिळाल्या. चावूनही सगळ्या पेशी फुटत नाहीत, काही चरबी तशीच बाहेर पडते. बदाम बारीक वाटले, की ही सवलत जवळजवळ संपते. म्हणून थंडाई बंद करा आणि भिजवलेले १५ बदाम चावून खा. दूध ४०० मिलीवर आणा, तेही साय काढून. दूध कमी झाल्याने प्रथिनं घटतील, ती चार अंड्यांच्या पांढऱ्याने आणि डाळींनी भरून काढा. जोर-बैठका पुन्हा सुरू करताना मात्र एकदम जुन्या आकड्यावर जाऊ नका. १०८ किलोचा भार गुडघ्यावर येतो, तेव्हा पहिले दोन महिने रंकाळ्याभोवती चालणंच बरं.