काळे पडते ते काय? म्युकर बुरशीविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : चाळीतल्या कांद्याच्या सालीखाली काजळीसारखी काळी भुकटी दिसते. २०२१ मध्ये तिलाच ‘ब्लॅक फंगस’ म्हणणारा संदेश मोबाइलवर फिरत होता, आणि काही गिऱ्हाइके अजूनही तसे विचारतात. त्यांना काय सांगावे? (लासलगाव)

उत्तर : कांद्यावरची ती बुरशी बहुधा अ‍ॅस्परजिलस नायजर असते आणि तिचे बीजाणू खरोखरच काळे असतात. ‘ब्लॅक फंगस’ म्हणून ओळखला गेलेला म्युकरमायकोसिस हा आजार घडवणाऱ्या बुरश्या म्युकोरेलीस या वेगळ्याच गणातल्या आहेत. त्या वाढतात तेव्हा पांढरट-करड्या कापसासारख्या दिसतात. रुग्णाच्या टाळूवर किंवा नाकात जे काळे दिसते, ती बुरशी नसून माणसाची मेलेली ऊती असते, कारण या बुरशीचे तंतू रक्तवाहिन्यांच्या भिंती भेदून आत शिरतात, तिथे रक्ताची गुठळी होते आणि पुढच्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो. ‘काळी बुरशी’ हे नाव म्हणूनच मला पहिल्यापासून खटकते. बुरशीशास्त्रात खऱ्या काळ्या, म्हणजे मेलॅनिन हे गडद रंगद्रव्य असलेल्या बुरश्यांचा गट निराळा असून त्यांचे आजारही निराळे आहेत. कांद्याचे म्हणाल, तर भुकटी लागलेले पापुद्रे काढून तो धुऊन घ्यावा. आतून मऊ पडला असेल, तर मात्र टाकून द्यावा.

प्रश्न : मग पावावर येणारी बुरशी तरी याच गणातली ना? ती घरात असताना मधुमेही माणसाला धोका आहे का? (सोलापूर)

उत्तर : गण तोच आहे. पावावर अनेकदा दिसणारी रायझोपस स्टोलोनिफर ही त्यातलीच. पण शरीराच्या ३७ अंश सेल्सिअस तापमानाला ती नीट वाढू शकत नाही. आजाराला नाव म्युकरचे मिळाले असले, तरी जगभरात सर्वाधिक रुग्णांमध्ये सापडते ती तिची उष्णता सोसणारी भावंड, रायझोपस अर्‍हायझस. तिचे बीजाणू माती, पालापाचोळा आणि हवा यांत सर्वत्र असल्यामुळे आपण सगळेच ते श्वासावाटे घेतो. बुरशी आलेला पाव न हुंगता टाकावा, एवढी काळजी पुरेशी आहे. हा आजार एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही.

प्रश्न : बीजाणू सर्वांच्याच नाकात जात असतील, तर आजार मधुमेहींनाच इतका का होतो? कोविडच्या काळात तो एवढा का वाढला? (पुणे)

उत्तर : या विषयातले सर्वांत रंजक संशोधन याच प्रश्नाभोवती झाले आहे, आणि त्याची सुरुवात लोहापासून होते. बुरशीला वाढीसाठी लोह लागते. निरोगी रक्तात ते ट्रान्सफेरिन या प्रथिनाने घट्ट धरून ठेवलेले असते. परंतु साखर हाताबाहेर जाऊन कीटोन नावाची आम्ले साचली आणि रक्त आम्लधर्मी झाले, म्हणजे कीटोअ‍ॅसिडोसिस झाला, की ही पकड सैल होते. त्याच अवस्थेत रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर जीआरपी७८ हे प्रथिन वाढते आणि बुरशीच्या पृष्ठभागावरचे कॉटएच३ हे प्रथिन नेमके त्यालाच चिकटते. साखर, लोह आणि कीटोन अशा प्रकारे बुरशीसाठी दारही उघडतात आणि आत गेल्यावर तिला खायलाही घालतात.

लोहाचा पहिला सुगावा डायलिसिसच्या रुग्णांकडून लागला होता. शरीरातले जादा लोह किंवा अ‍ॅल्युमिनियम काढण्यासाठी डेफेरॉक्सामिन हे औषध दिलेल्या काहींना हा आजार झाला, कारण औषधाने धरलेले लोह रायझोपस पळवू शकते. तेव्हा ज्याने धरलेले लोह बुरशीला वापरता येत नाही, ते डेफेरासिरॉक्स हे औषध दिले तर तिची उपासमार होईल, असा तर्क पुढे आला आणि उंदरांमध्ये तो खराही ठरला. मात्र २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या छोट्या चाचणीत ९० दिवसांच्या अखेरीस हे औषध घेणाऱ्या ११ पैकी ९ रुग्ण दगावले होते, तर न घेणाऱ्या ९ पैकी २. औषध मिळालेल्या गटात मुळातच कर्करोगाचे रुग्ण अधिक होते, त्यामुळे सगळा दोष औषधावर ठेवता येत नाही. तरीही प्रयोगशाळेत इतका नेटका दिसणारा तर्क खाटेवरच्या रुग्णापाशी असा कोलमडतो, हे मी विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगतो.

कोविडच्या काळात या जमिनीत स्टेरॉइडची भर पडली. स्टेरॉइडमुळे साखर वाढते आणि बीजाणू गिळून मारणाऱ्या पेशी मंदावतात. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात भारतातल्या १६ रुग्णालयांतून गोळा केलेल्या माहितीत म्युकरमायकोसिसच्या २८७ रुग्णांपैकी १८७ जणांना कोविड झालेला होता, आणि स्टेरॉइडच्या अयोग्य वापराचा संबंध त्या अभ्यासात स्पष्ट दिसला. म्हणजे दुसरी लाट येण्याआधीच इशारा मिळाला होता.

प्रश्न : खुद्द म्युकर या प्रजातीवर वेगळे संशोधन होते का? (सूक्ष्मजीवशास्त्राची विद्यार्थिनी, मडगाव)

उत्तर : होते, आणि ते अनपेक्षित वळणाचे आहे. प्रत्यारोपणानंतर दिले जाणारे टॅक्रोलिमस हे औषध म्युकर सर्सिनेलॉइडिसला तंतू करू देत नाही. ती यीस्टसारख्या गोल पेशींच्या रूपात अडकून पडते. तरीही काही वसाहती या औषधाला दाद न देता तंतू काढू लागल्या. त्यांतल्या काहींच्या जनुकात अपेक्षित बदल सापडला, पण काहींच्या जनुकात एका अक्षराचाही फरक नव्हता. २०१४ मध्ये उलगडा झाला तो असा, की या बुरशीने छोटे आरएनए तयार करून औषधाचे लक्ष्य असलेले जनुक केवळ गप्प केले होते. औषधाविना काही पिढ्या वाढवल्यावर जनुक पुन्हा बोलू लागले आणि प्रतिकार नाहीसा झाला. निव्वळ जनुकांचे वाचन करून असा प्रतिकार पकडता येत नाही.

प्रश्न : वडिलांच्या सायनसच्या नमुन्यात ‘वाढ नाही’ असा कल्चरचा (नमुन्यातली बुरशी प्रयोगशाळेत वाढवून पाहण्याच्या तपासणीचा) अहवाल आला, तरी डॉक्टरांनी बुरशीवरचे औषध अ‍ॅम्फोटेरिसिन चालू ठेवले. हे योग्य होते का? (नागपूर)

उत्तर : सूक्ष्मदर्शकाखाली तंतू दिसले असतील, तर होय. या बुरशीचे तंतू रुंद, फितीसारखे आणि आतून जवळजवळ आडव्या पडद्यांविना असतात. एका जागी फुटले की आतला जीवद्रव सांडून जातो. नमुना खलात घोटला तर ती मरते आणि कल्चर कोरे येते, म्हणून ऊती घोटायची नसते, तिचे बारीक तुकडे करायचे असतात. पोटॅशियम हायड्रॉक्साइड घालून केलेली तपासणी तासाभरात उत्तर देते, आणि तेवढ्यावर उपचार व शस्त्रक्रिया सुरू करणे हेच रीतसर आहे. वोरिकोनॅझोल हे अन्य बुरश्यांवर चालणारे औषध इथे निरुपयोगी ठरते. पुन्हा नमुना द्यावा लागलाच, तर तो दोन डब्यांत जातो आहे ना, हे विचारून घ्या : विकृतिशास्त्राकडे फॉर्मॅलिनमध्ये आणि कल्चरसाठी निर्जंतुक सलाइनमध्ये. फॉर्मॅलिनमध्ये बुडवलेल्या तुकड्यातून काहीच उगवत नाही.