जादूगारांची जुंपली, पण चेहऱ्यावर उजेड कुठाय?

दोन जादूगारांची झुंज आणि खिशात मोजके पैसे, असल्या सिनेमांबद्दल गेल्या अंकात चर्चा झाली. निमित्त होतं रॉजर कॉर्मन यांचा 1963 चा 'द रेव्हन'. त्यात व्हिन्सेंट प्राइस आणि बोरिस कार्लॉफ शेवटी एकमेकांवर मंत्र टाकतात. त्यावर खानदेशातून भरपूर पत्रं आली. काहींनी नुसतं मत कळवलं आहे, तर काही जण स्वतःच मोबाइलवर असा सिनेमा करायला बसले आहेत. निवडक प्रश्न आणि उत्तरं इथे देत आहोत.

'रेव्हन'मधले किरण कागदावर काढल्यासारखे दिसतात, तरी झुंज संपेपर्यंत उठवत नाही. उलट हल्लीचे संगणकावर केलेले छोटे सिनेमे पाच मिनिटांत बंद करावेसे वाटतात. असं का होतं? – वाचक, धुळे

किरण खोटे दिसतात हे खरंच. पण झुंजीची बांधणी पक्की आहे. दोघं समोरासमोर खुर्च्यांवर बसतात आणि बसल्या जागेवरूनच जुंपतात. बोलणं जवळपास नाहीच. एकाने डाव टाकायचा, दुसऱ्याने तो उलटवायचा. प्राइस शांत आहे, मधूनच गालात हसतो. कार्लॉफ चिडत जातो. आवाज बंद करून बघा, नुसत्या चेहऱ्यांवरून कोण वरचढ आहे ते कळतं.

ही रीत आपल्याला परकी नाही. मालू कवींचा 'नवनाथ भक्तिसार' 1819 चा आणि श्रावणात आजही घरोघर वाचला जातो. त्यातल्या झुंजी आठवा. अग्न्यस्त्र आलं की त्यावर पर्जन्यास्त्र, पर्जन्यावर वाय्वस्त्र. ऐकणाऱ्याला पुढची चाल ओळखता येते, आणि म्हणूनच ती वेगळी पडली की तो सावरून बसतो. हल्लीच्या छोट्या सिनेमांत मात्र निळा किरण एकीकडून, लाल दुसरीकडून, मधे ठिणग्या, आणि ज्याचा जोर जास्त तो जिंकला. जोर का जास्त, ते कुणालाच माहीत नाही. प्रेक्षक कंटाळतो तो इथे. किरण कसा काढलाय याचं त्याला फारसं सोयरसुतक नसतं.

म्हणून कॅमेरा काढण्याआधी कागदावर दोन्ही जादूगारांसाठी तीन गोष्टी लिहा: याला काय जमतं, काय अजिबात जमत नाही, आणि मंत्र टाकला की याचं काय खर्ची पडतं. एकाला आग जमते, पण प्रत्येक वेळी त्याचा हात काळा पडत जातो, एवढं ठरलं तरी झुंजीला घड्याळ लागतं: कोपरापर्यंत काळा झाला की संपला. तीन मिनिटांच्या झुंजीला सहा डाव पुरतात. जास्त घेतले तर एकही लक्षात राहत नाही. त्यातला एक डाव चुकलेला असू द्या. आणि एक तरी डाव आधी दिसलेल्या वस्तूतून निघू द्या. पहिल्या प्रसंगात अंगणात ज्वारी वाळत घातलेली दिसली असेल, तर शेवटी जादूगार पळता पळता ज्वारीचा दाणा होऊन त्या राशीत लपतो आणि दुसरा कोंबडा होतो. लोककथांमधली रूपं पालटत जाणारी झुंज अशीच चालते. खर्च एका कोंबड्याचा.

हातातून अग्निगोळा निघतो तो वरून चिकटवल्यासारखा वाटतो. गोळा बदलून पाहिला, रंग बदलून पाहिला. नेमकं काय चुकतंय? – वाचक, अमळनेर

गोळ्यात काही चुकलेलं नाही. चूक चेहऱ्यावर आहे. हातात एवढा मोठा जाळ, आणि हनुवटीखाली अंधार तो अंधारच! डोळ्याला हे लगेच खटकतं, भले कारण सांगता येऊ नये. गोळा नंतर संगणकावर घालता येतो, पण त्याचा उजेड चित्रीकरणाच्या वेळीच पडायला हवा.

तो असा पाडायचा. सूर्य मावळल्यावर किंवा बंद खोलीत काम करा; भर उन्हात दिव्याचा उजेड दिसणारच नाही. लांब वायरीच्या होल्डरला 9 वॅटचा एलईडी बल्ब लावा. त्यावर दोन पदरी नारिंगी जिलेटीन कागद, बल्बपासून चार बोटं अंतर ठेवून. हा बल्ब मदतनीसाने फ्रेमच्या बाहेर, जादूगाराच्या छातीच्या उंचीवर, चेहऱ्यापासून दोन-तीन फुटांवर धरायचा. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाईवर येतो, म्हणून जागा जमिनीवर खडूने आखून ठेवा. उजेड कमीजास्त करायला साधा डिमर लावू नका. साधे एलईडी बल्ब डिमरवर लुकलुकतात आणि मोबाइलमध्ये ती लुकलुक जास्तच दिसते. बल्बपुढे पुठ्ठा धरायचा आणि मंत्राबरोबर तो हळूहळू बाजूला सरकवायचा. गोळा सुटला की पुठ्ठा एकदम परत बल्बपुढे. त्याच क्षणी समोरच्या जादूगाराच्या बाजूचा दुसरा बल्ब उघडायला लागायचा, आणि गोळा आदळेल तेव्हा तो पूर्ण उघडा. दोन मदतनीस, दोन पुठ्ठे, आणि मोठ्याने एक-दोन-तीन मोजणारा तिसरा.

मोबाइलवर सेकंदाला 25 फ्रेम आणि शटर 1/50 सेकंद ठेवा. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे 1/60 वर ट्यूबलाइटचे पट्टे चित्रात सरकताना दिसतात. एक्स्पोजर (चित्राचा उजेड) आणि व्हाइट बॅलन्स (रंगाचा तोल) लॉक करा. ऑटोवर ठेवलं तर उजेड वाढला की मोबाइल स्वतःच चित्र काळं करतो, आणि सगळी मेहनत पाण्यात जाते.

उजेडाइतकंच महत्त्व धक्क्याला. मंत्र बसला की समोरच्याचं काही तरी हललं पाहिजे. उपरण्याच्या टोकाला काळा दोरा बांधून फ्रेमबाहेरून ओढा. पायाशी मूठभर माती ठेवून पुठ्ठ्याने वारा घाला. नटाने अर्धं पाऊल मागे जावं, तेही आधी खांदा आणि मग पाय. पाय आधी गेला की तो ठरवून मागे सरल्यासारखा दिसतो.

केळीच्या बागेत झुंज घेतली. हिरवा पडदा लावला होता. माणसांच्या कडा कुरतडल्यासारख्या आल्या, चेहरेही हिरवट दिसतात. – वाचक, यावल

केळीच्या बागेत हिरवा पडदा म्हणजे दुप्पट अडचण. पडद्याचा हिरवा काढायला गेलात की पुढे आलेली पानंही जातात. पडदा लागणारच असेल तर निळा घ्या आणि निळे कपडे टाळा. पडद्याला सुरकुती नको, नट पडद्यापासून निदान सहा-आठ फूट पुढे, आणि पडद्यावर दोन्ही बाजूंनी वेगळा, सारखा उजेड.

कडा कुरतडतात त्याचं कारण मोबाइलच्या आत आहे. मोबाइल चित्रातल्या उजेडाची माहिती पूर्ण साठवतो, रंगाची मात्र चार ठिपक्यांमागे एकच. पडदा रंगावरूनच कापायचा असतो, त्यामुळे केस आणि दाढीची कड ठोकळ्यांत तुटते. मोबाइलवर काम करणाऱ्यांना म्हणून आमचा सल्ला स्पष्ट आहे: रंगीत पडदा सोडा, काळा धरा. रात्री काळ्या कापडापुढे फुलबाजी, उदबत्तीचा धूर, पिचकारीचे तुषार वेगवेगळे आणि जवळून चित्रित करा. संकलनात ती पट्टी मूळ दृश्याच्या वर ठेवून 'स्क्रीन' मोड निवडला की काळा नाहीसा होतो आणि फक्त ठिणग्या उरतात. कड कापायचा प्रश्नच येत नाही. दाविंची रिझॉल्व्ह या संकलनाच्या सॉफ्टवेअरच्या फुकट आवृत्तीत हे सगळं होतं. कापड मात्र खरंच काळं हवं. मळकं असेल तर त्याचा राखाडी चौकोन पडद्यावर दिसतो.

हिरवट चेहऱ्यांचं म्हणाल तर तो पानांतून गाळून आलेला उजेड. पांढऱ्या थर्माकोलचा 4 बाय 3 फुटांचा तुकडा मोकळ्या आभाळाकडे तोंड करून चेहऱ्यावर परतवा, आणि नटाच्या मागची बाजू पानांकडे ठेवा. तेवढ्याने बराच फरक पडतो.

माणूस गायब होतो तिथे चित्राला झटका बसतो. – वाचक, पारोळा

कॅमेरा थांबवायचा, माणूस काढायचा, पुन्हा चालू करायचा, ही युक्ती फ्रेंच दिग्दर्शक जॉर्ज मेलिएस यांनी 1896 मध्येच वापरली होती आणि आजही तिला तोड नाही. झटका बसतो तो बहुधा मोबाइलला बोट लागल्यामुळे. म्हणून रेकॉर्डिंग थांबवूच नका. ते चालू ठेवून माणसाला बाहेर जाऊ द्या आणि मधला भाग नंतर कापा. ट्रायपॉडला विटांची पिशवी लटकवा. मागे झाडं नकोत, पानं हलली की कट उघडा पडतो. वाड्याची भिंत किंवा दगडी पायऱ्या उत्तम. उरलेले नट त्या वेळी पुतळ्यासारखे उभे राहिले पाहिजेत. कटवर दोन फ्रेम पांढऱ्या घाला आणि त्याच ठिकाणी पत्रा हलवल्याचा आवाज.

सोंगांत राळ उडवून जाळ काढतात तसा जाळ झुंजीत घ्यायचा आहे. किती राळ लागेल? – वाचक, शिरपूर

प्रमाण सांगणार नाही. राळ, मैदा, रंगीत पूड, कुठलीही बारीक भुकटी हवेत पसरून पेटली की एका क्षणात भडका होतो. 27 जून 2015 ला तैवानमधल्या एका वॉटर पार्कमध्ये कॉर्नस्टार्चची रंगीत पूड अशीच पेटली. 15 जणांचा जीव गेला आणि पाचशेच्या आसपास माणसं भाजली. सोंगात राळ उडवणारा वर्षानुवर्षं शिकलेला असतो, मोकळ्या मैदानात असतो, आणि वारा कुठून येतो ते बघून उडवतो. तुमच्या नटाच्या अंगावर नायलॉनचा चमकता झगा असणार. तो वितळून कातडीला चिकटतो. जाळ वेगळा, काळ्या कापडापुढे लहानसा घ्या आणि वर सांगितल्याप्रमाणे 'स्क्रीन'ने बसवा. मशाल हातात द्यायचीच असेल तर अंगावर घोंगडी द्या. लोकर सहजी पेट घेत नाही. शेजारी ओलं पोतं, वाळूची बादली आणि फक्त जाळाकडे लक्ष ठेवणारा एक माणूस. उन्हाळ्यात पऱ्हाटीच्या ढिगाजवळ किंवा सातपुड्याच्या रानात हे अजिबात नको.

दुपारी दाढी सुटते, मोबाइल बंद पडतो. – वाचक, भुसावळ

मे महिन्यात सकाळी नऊपर्यंत आणि साडेपाचनंतर, एवढंच काम धरा. दाढीआधी कातडी स्पिरिटने पुसून कोरडी करा. स्पिरिट गम (दाढी चिकटवायचा गोंद) लावून लगेच केस दाबू नका. बोटाला तार सुटेपर्यंत थांबा, मग ओल्या फडक्याने दाबा. हनुवटीखालून सुरुवात करून थर वर चढवत न्या. मोबाइलचं कव्हर काढा, 4के ऐवजी 1080 वर घ्या आणि दोन शॉटच्या मधे सावलीत ठेवा. बर्फावर ठेवू नका, आत पाणी धरतं.

आमच्या गोष्टीत दुसरी जादूगार बाई आहे, गाव तिला डाकीण म्हणतं आणि शेवटी तिला संपवतं. जादूटोणाविरोधी कायद्याची अडचण येईल का? – वाचक, नंदुरबार

2013 च्या कायद्यात चमत्काराचा दावा करून फसवणं, भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण करणं, एखादी व्यक्ती करणी करते असं भासवून तिला छळणं हे गुन्हे आहेत. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. नटाने पडद्यावर जादूगार होणं म्हणजे असा दावा नव्हे. फक्त जाहिरातीत 'खरे मंत्र', 'खरी करणी' असलं काही लिहू नका.

पण कायद्यापलीकडचं सांगायला हवं. तुमच्याच जिल्ह्यात डाकीण ठरवून बायकांना मारहाण झाली आहे, घरातून हाकललं गेलं आहे. तुमचा सिनेमा त्याच पाड्यांवर मोबाइलवर बघितला जाणार. तिथे गावाने बाईला संपवणं हा नायकाचा विजय म्हणून दाखवू नका, ही कळकळीची विनंती. बाई जादूगार असू द्या, हरू द्या, दुष्टही असू द्या. तिला बरोबरीची प्रतिस्पर्धी करा: तिची विद्या, तिची मर्यादा, तिचे तीन डाव. 'डाकीण' शब्द काढा, गावाला झुंजीतून बाहेर ठेवा. गोष्ट दोघांमधली राहिली की ती घट्टही होते.

मंत्र संस्कृतात ठेवावेत की अहिराणीत? – वाचक, साक्री

अहिराणीत. घाईत पाठ केलेलं संस्कृत नटाच्या तोंडात अडखळतं, आणि चालू पूजेतले मंत्र घेतले तर लोकांना ते लागतं. पाच-सहा अक्षरांचा बनवलेला मंत्र घ्या. शेवटचं अक्षर आ, ई असं उघडं असू द्या म्हणजे आवाज ताणता येतो, आणि पुठ्ठा सरकवणाऱ्याला त्याच अक्षरावर बल्ब उघडायला सांगा.