मंडळ सुटत नाही

सप्रेम जय भीम.

तुझा ईमेल वाचला. अटलांटात खोली मिळाली, स्वयंपाकाची सोय झाली, हे वाचून जीव भांड्यात पडला. पुढचं वाचून मात्र आठ्या पडल्या. पोपटी-गुलाबी जाकिटं घातलेल्या बायका कॅम्पसवर ठेक्यात पाय आपटत नाचत होत्या, त्यांतल्या काही साठीच्या पुढच्या होत्या, आणि 'या वयात कॉलेजातलं मंडळ मिरवणं बालिश नाही का, सर?' असं तू विचारतेस. या मंडळांत नवख्यांना छळतात, नुसती मिरवामिरव चालते, असंही लिहितेस. शेवटी जाता जाता हेही, की वसतिगृहाच्या अभ्यासमंडळाची वर्गणी आता थांबवली तर चालेल का. तुला हे दोन प्रश्न वाटतात. मला एकच वाटतो.

त्या बायका अल्फा कॅपा अल्फाच्या. हे मंडळ १९०८ साली वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात कृष्णवर्णीय विद्यार्थिनींनी काढलं. त्याआधी, १९०६ साली, कॉर्नेल विद्यापीठात सात मुलांनी अल्फा फाय अल्फा काढलं होतं. अशी एकूण नऊ मंडळं आहेत, त्यांतली पाच हॉवर्डमधली. गोऱ्यांच्या मंडळांची दारं बंद होती, म्हणून यांनी ग्रीक अक्षरांची नावं उचलली आणि स्वतःचं घर बांधलं. परक्या ठिकाणी एकटं पडलेलं पोर शिक्षण अर्धवट टाकून गावी का परततं, हे तुला मी सांगावं असं नाही.

पण मुलांचं मंडळ मुलांपुरतंच राहिलं असतं, तर चार-पाच वर्षांत विरून गेलं असतं. १९११ साली अल्फा फाय अल्फाने केंटकीतल्या लुइव्हिलला पदवीधरांची शाखा काढली. माझ्या लेखी या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोठा निर्णय हाच. पदवी मिळाली म्हणून मंडळ सुटत नाही. नोकरी लागली, लग्न झालं, गाव बदललं, तरी त्या गावच्या शाखेत नाव घालायचं, वर्गणी भरायची, कामाला लागायचं.

तुझ्या पोपटी-गुलाबी बायकांचंच बघ. १९३५ च्या उन्हाळ्यात डॉ. डोरोथी बोल्डिंग फेरेबी आपल्या मंडळातल्या शिक्षिका, परिचारिका बरोबर घेऊन मिसिसिपीत गेल्या. कापसाच्या मळ्यांवर वाट्याने राबणारी कुटुंबं, डॉक्टर कधी न पाहिलेली मुलं. दवाखाना एका जागी उघडायचा बेत होता, पण गोरे मळेवाले आपल्या माणसांना तिथे जाऊ देईनात. या बायका त्यांना चिथावतील, अशी धास्ती. मग यांनी आपल्या मोटारींचाच दवाखाना केला. मळ्यामळ्यावर जाऊन, कधी मुकादमाच्या नजरेखाली, घटसर्पाच्या आणि देवीच्या लसी टोचल्या. पुढे कित्येक उन्हाळे हे चाललं. यांतल्या एकीलाही कॉलेज सोडवत नव्हतं म्हणून ती तिथे गेली नव्हती. त्या मिळवत्या बायका होत्या, सुट्टी आणि मोटार दोन्ही स्वतःची. आता सांग, बालिश कोण?

या नवांतल्याच डेल्टा सिग्मा थीटाच्या मुली तर मंडळ स्थापून दोन महिनेही झाले नव्हते तेव्हा, ३ मार्च १९१३ ला, वॉशिंग्टनमध्ये स्त्रियांच्या मताधिकाराच्या मोर्चात चालल्या, आणि कृष्णवर्णीय बायकांनी मागे राहावं अशी खुद्द मोर्चावाल्यांतच कुजबुज असताना चालल्या. मार्टिन ल्यूथर किंग अल्फा फाय अल्फाचे. वॉशिंग्टनमधल्या त्यांच्या स्मारकाची कल्पना अल्फाच्या सभासदांनी १९८४ साली मांडली. ते उघडलं २०११ मध्ये. इतकी वर्षं पाठपुरावा विद्यार्थी करू शकतात का? शक्यच नाही. वर्गणी न थांबवणारे करतात.

तू म्हणतेस त्या वाईट गोष्टी खऱ्या आहेत. नवख्यांना छळण्याची रीत १९९० साली अधिकृतपणे बंद केली, तरी ती चोरून चालू राहिली आणि पोरांचे जीव गेले. त्याला क्षमा नाही. हॉवर्डचेच समाजशास्त्रज्ञ फ्रेझर यांनी १९५७ साली शिकल्या-सवरल्या कृष्णवर्णीयांच्या मिरवण्यावर कोरडे ओढले, तेही बरोबरच. मिरवणारे आपल्याकडेही कमी नाहीत. जयंतीच्या फ्लेक्सवर फोटो असतो, मंडळाच्या वहीत नाव नसतं. मग फ्लेक्स काढ ना, वही कशाला फाडतेस?

आणखी एक. १९४६ साली बाबासाहेबांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉईस यांना पत्र लिहून, निग्रो समाजाच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली होती. ड्यू बॉईस यांनी उत्तर पाठवलं. तेव्हा ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते आणि तेही अल्फाचेच. त्या वयात दुसऱ्या खंडातल्या माणसाच्या पत्राला उत्तर देणारा माणूस निवृत्त झालेला नसतो.

माझ्याबद्दल लोक म्हणतात, सरांनी मंडळापायी बढती घालवली. घालवली नाही, घेतली नाही. बदली झाली असती तर शनिवारचा वर्ग कोणी घेतला असता? घरी यावरून पुष्कळ ऐकून घेतलं, अजून ऐकतो. पण त्या वर्गातली मुलं आज साहेब झाली आहेत. माझा फोन गेला की त्यांतले बरेचसे नेमके मीटिंगमध्ये असतात. याची खंत आहे, नाही असं नाही. तुझं नाव त्या यादीत गेलेलं मला चालणार नाही, बाई. रागावलीस तरी चालेल.

कर्जाचे हप्ते आहेत, डॉलर मोजून वापरावे लागतात, हे कळतं. वर्गणी निम्मी कर, हरकत नाही. बंद करू नकोस. आणि पैशांपेक्षा एक जास्त गरजेचं: यंदा अकरावी सायन्सच्या मुलींना भौतिकशास्त्र शिकवायला कोणी नाही. तुझी शनिवारची सकाळ म्हणजे त्यांची संध्याकाळ. व्हिडिओ कॉलवर तासभर घेशील का, ते रविवारपर्यंत कळव. वेळापत्रक लावायचं आहे.

तुझे,
सर