सॉक्समधली कुसळं

"मॅडम, आमच्या घरात कुणालाच कशाचा आनंद होत नाही. मी एकटीनं किती ओढायचं?"

साताऱ्यात पोवई नाक्याजवळच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत नीट बसायच्या आधीच वैशालीताईंनी हे विचारलं. (नाव बदललंय, घरचे तपशीलही थोडे इकडचे तिकडे केलेत.) सप्टेंबरचा शेवट होता. आदल्या रविवारी सगळं कुटुंब कासच्या पठारावर फुलं बघायला जाऊन आलं होतं आणि तेव्हापासून घरात अबोला होता.

असा प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो, सुट्ट्यांच्या तोंडावर जरा जास्तच. 'मुलांचं लहानपण भराभर चाललंय, आपण त्यांना आठवणी काय देतोय?' पूर्वी आईबाप मुलांच्या मार्कांची काळजी घेऊन यायचे. आता आठवणींचीही येते.

कासची गोष्ट अशी. ऑनलाइन बुकिंग तीन आठवडे आधी झालेलं. साताऱ्यापासून जेमतेम 25 किलोमीटर, पण यवतेश्वरच्या घाटात धाकट्याला उलटी झाली. वर धुकं, रविवारची गर्दी, पायाखाली चिखल. वैशालीताईंनी मुलीला सीतेची आसवं दाखवली. ही इवलीशी निळी-जांभळी फुलं किडे खाणाऱ्या वनस्पतीची, हे त्यांनी मुद्दाम वाचून ठेवलं होतं. मुलगी म्हणाली, "हं." तेरड्याच्या गुलाबी पट्ट्यासमोर चौघांचा फोटो काढायचा होता, तर नवरा म्हणाला, "झालं का? निघूया आता." परतीच्या वाटेवर कुणी कुणाशी बोललं नाही. फोटो मात्र त्यांनी स्टेटसला ठेवले, आणि 'किती छान कुटुंब' असे प्रतिसाद वाचताना त्यांना रडू आलं.

घरात पाच माणसं. नवरा एमआयडीसीतल्या कारखान्यात शिफ्टला, वैशालीताई एका पतसंस्थेत, मुलगी आठवीत, मुलगा तिसरीत, आणि सासूबाई. कोरेगाव तालुक्यात गाव आणि तिथं दोन एकर रान. सुट्टी मिळाली की नवरा गावी पळतो, बहुतेक वेळा धाकट्याला घेऊन. कासचा रविवारही त्यांनी नाइलाजानंच दिला होता. "आणि मग मी घरात सगळ्यांसाठी प्लॅन करत बसते," असं त्या म्हणाल्या.

प्लॅन खरोखरच होता. फ्रिजवर एक कॅलेंडर लावलेलं. जानेवारीत स्ट्रॉबेरी, फेब्रुवारीत हुरडा, जुलैत ठोसेघर, सप्टेंबरात कास, मग गच्चीवर कोजागरी, डिसेंबरात शेकोटी. रोज संध्याकाळी अर्धा तास 'मायलेकींचं क्रोशे'. त्यासाठी बारा रंगांच्या लोकरीचा संच मागवला होता. मुलीनं बसावं म्हणून एका फुलाला दहा रुपये कबूल केले. तिनं नऊ फुलं केली, नव्वद रुपये घेतले आणि डबा बंद केला.

मला हसू आलं, त्यांनाही आलं. मी त्यांना मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1973 साली अमेरिकेत केलेला प्रयोग सांगितला. बालवाडीतल्या, मुळात चित्रं काढायला आवडणाऱ्या काही मुलांना 'चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्रक' असं आधी सांगून ते दिलं. पुढं मोकळ्या वेळात हीच मुलं बाकीच्यांच्या मानानं जवळपास निम्माच वेळ चित्रांकडे वळली. बक्षीस ठरलं की आवडीचं काम होतं आणि कामाचा हिशेब सुरू होतो.

एवढं शहाणपण सांगून झाल्यावर मी स्वतः काय करावं? तर त्यांना एक तक्ता दिला. आठवड्याला दोन छोट्या गोष्टी ठरवायच्या, करायच्या, आणि किती बरं वाटलं त्याला शून्य ते दहा गुण द्यायचे. पद्धत माझ्या घरची नाही. नैराश्यात माणसाचं हिंडणं-फिरणं, भेटणं-बोलणं आटतं आणि त्यामुळं नैराश्य आणखी वाढतं, म्हणून आवडीच्या गोष्टी ठरवून परत सुरू करायच्या, हे पीटर लुइनसन यांनी 1970च्या दशकात मांडलं, आणि ते खूप जणांना उपयोगी पडतं. पण वैशालीताईंना नैराश्य नव्हतं. मी विचारलं होतं: गेले दोन आठवडे रोज उदास वाटतंय का, कशातच रस उरला नाही असं होतंय का, झोप, भूक, मरणाचे विचार? या प्रश्नांची उत्तरं 'हो' आली असती तर मी त्यांना आधी डॉक्टरांकडे पाठवलं असतं. (वाचणाऱ्यांपैकी कुणाची तशी उत्तरं असतील तर फ्रिजवरच्या कॅलेंडरच्या गोष्टीत अडकू नका. मनोविकारतज्ज्ञांना दाखवा, किंवा 14416 या टेलिमानसच्या नंबरवर बोला. तो सरकारी आहे आणि मोफत आहे.) वैशालीताई नीट झोपत होत्या, ऑफिसात हसत होत्या, त्यांना शेंगोळ्या करायला आवडत होत्या. त्यांचा थकवा मुकादमाचा होता, आणि मी मुकादमाच्या हातात हजेरीपट घालून मोकळी झाले.

पुढच्या भेटीला तक्ता आला. 'कोजागरी. मी ७, चिन्मय ६, तन्वी २, हे झोपले.' (मुलांची नावंही माझीच.) म्हणजे मसाला दूध पिऊन झाल्यावर बाईंनी प्रत्येकाकडे जाऊन गुण विचारले होते! तन्वीनं दोन का दिले विचारलं, तर ती म्हणाली, "तू विचारलंस म्हणून. विचारायच्या आधी पाच होते."

त्या पोरीचं उत्तर मी माझ्या वहीत लिहून ठेवलंय.

तक्ता मी परत घेतला, चूक माझी होती असं सांगितलं. समुपदेशकानं असं कबूल करावं का, यावर आमच्यात दोन मतं आहेत. मला तरी त्याचा तोटा झालेला आठवत नाही. मग म्हटलं, दोन आठवडे काहीही ठरवू नका. घरात तुम्ही न ठरवता जे घडतं ते नुसतं टिपा.

पहिल्या आठवड्याचं पान कोरं. "काही घडलंच नाही." दुसऱ्या आठवड्यात पान भरलं, पण तक्रारींनी. त्या ओशाळून म्हणाल्या, "हे वाचू नका मॅडम, मी नुसती चिडचिड लिहिलीय." मी म्हटलं, तेच वाचूया.

रविवार: चिन्मयच्या सॉक्समध्ये कुसळंच कुसळं. गावच्या फाट्यावर एसटीतून उतरून दोघं वस्तीपर्यंत बांधाबांधानं चालत जातात, रिक्षा असते तरी. सॉक्स फेकून द्यावे लागले. खिशात चिंचोके. फाट्यावर बापलेकांनी भजी खाल्ली, घरी आल्यावर पोरगा जेवला नाही.

मंगळवार: सासूबाई आणि तन्वी साडेअकरापर्यंत जाग्या. दिवाणभर दोरा. दुसऱ्या दिवशी शाळा. रागावले.

गुरुवार: पुन्हा दोरा.

"हा कसला दोरा?" मी विचारलं.

सासूबाई नातीच्या बाळंतपणासाठी, म्हणजे वैशालीताईंच्या नणंदेच्या मुलीसाठी, बाळंतविडा विणत होत्या. टोपडं, मोजे, अंगडं. सुई चाळीस वर्षांची, बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यातली. पण मोतीबिंदू पिकलेला, ऑपरेशन दिवाळीनंतर करायचं ठरलेलं. बोटांना सगळं येतं, खांब (क्रोशाचे उभे टाके) मात्र मोजता येत नाहीत. म्हणून त्यांनी तन्वीला हाक मारली होती. "मोज की गं, डोळ्याला दिसंना झालंय मला." तन्वी मोजायला बसली. मोजता मोजता म्हणाली, द्या इकडं, मी करते एक ओळ.

इथं मला क्रोशाबद्दल थोडं बोललंच पाहिजे, कारण माझी आईही विणायची. टोपड्याचा वरचा गोल खांबांचा असेल तर पहिल्या फेरीत बारा खांब, दुसरीत चोवीस, तिसरीत छत्तीस, असे दर फेरीला बारा वाढवत जायचं. वाढवायचे कमी पडले तर गोल सपाट राहत नाही, त्याची वाटी होते. जास्त झाले तर झालर पडते. दोन सुयांच्या विणकामात सुईवर टाक्यांची रांग असते, एक निसटला की पार खालपर्यंत शिडी पडते. क्रोशात साधारणपणे सुईवर एकच जिवंत फास असतो. काम मध्येच ठेवून पोळ्या करायला उठता येतं. चुकलं तर तो फास काढून ओढायचं, हवं तिथंपर्यंत उसवतं, दोरा परत जसाच्या तसा. तेरा वर्षांच्या मुलीला दिवसभरात असं दुसरं काय मिळतं, जिथं चूक नुसती ओढून काढता येते आणि वहीत लाल शेरा राहत नाही?

तन्वीच्या पहिल्या गोलाची वाटीच झाली. आजीनं "छान आहे" म्हटलं नाही. "चुकलं," म्हणाल्या, आणि ती वाटी ताकाच्या लोटीवर झाकण म्हणून ठेवून दिली. आता ती रोज जेवायला बसताना ताटाशेजारी येते.

वैशालीताईंचा चेहरा हे सांगताना उजळला, आणि मला धोका दिसला. "आता मी ते बारा रंग बाहेर काढते. तिला ऑनलाइन क्लासही—"

"काढू नका," मी म्हटलं.

त्यांनी क्लास लावला नाही, पण दोघींचा पाठमोरा फोटो स्टेटसला टाकला. 'आजी-नात, परंपरा.' तन्वीनं आठ दिवस सुईला हात लावला नाही. हे त्यांनीच येऊन सांगितलं, चोरी पकडल्यासारख्या तोंडानं. पुढं आजीच्याच "अर्धवट टोपडं घेऊन जाऊ का बारशाला?" या करवादण्यानं गाडी परत रुळावर आली. आमच्या शास्त्रात करवादण्याला किंमत नाही. असायला हवी, असं मला कधीकधी वाटतं.

"मग मी काय करायचं मॅडम? हे दोघं रानात, त्या दोघी दोऱ्यात. मी नुसती बघत बसू?"

त्या सगळ्या महिन्यांत त्यांनी विचारलेला हा पहिला प्रश्न, ज्यात त्या स्वतः होत्या. मी विचारलं, तुम्ही बारा-तेरा वर्षांच्या असताना कोणता ऋतू आवडायचा?

माहेर तासगावकडचं. त्या म्हणाल्या, काही विशेष नाही. मग थोड्या वेळानं: उन्हाळ्यात आई गच्चीवर वाळवणं घालायची. कुरडया, सांडगे, पापड. कावळे हाकायला मला काठी देऊन बसवायची. मी साडीच्या सावलीत बसून अर्ध्याओल्या कुरडया खायची. आईला कळायचं, ती दोन फटके द्यायची. पहाटे गव्हाचा चीक शिजायचा त्याचा वास. वाटीत गरम चीक, त्यावर साखर आणि दूध.

बोलता बोलता थांबल्या. "पण आईनं ते माझ्यासाठी नव्हतं केलं."

"कशासाठी केलं होतं?"

"कुरडया लागतात म्हणून!"

आम्ही दोघीही बराच वेळ काही बोललो नाही. खाली नाक्यावर एसटीचा हॉर्न वाजत होता. मी त्यात काही भर घातली नाही. अशा वेळी तोंड उघडलं की आपण शिकवायला लागतो.

त्यानंतर त्या दोनदाच आल्या. एका भेटीत सांगितलं, की आपणही एका रविवारी गावी गेलो होतो. त्या आधी न जाण्याचं कारण असं, की रान म्हणजे काम, फिरणं नव्हे, असं त्यांच्या डोक्यात पक्कं होतं. घेवड्याचं रान रिकामं होऊन हरभरा पेरलेला. कोरेगावचा वाघ्या घेवडा प्रसिद्ध आहे, त्याला भौगोलिक मानांकन आहे, हे त्यांना माहीत होतं. नवऱ्याला मात्र यंदा किती पोती झाली ते माहीत होतं, आणि चिन्मयला कुठल्या बांधावर घोरपड दिसते ते. समोर जरंडेश्वराचा डोंगर. फाट्यापासून वस्ती दोन किलोमीटर. नवरा वाटेत सलग वीस मिनिटं बोलला. "घरी वीस मिनिटं बोलला नाही हो कधी! तेही विहिरीच्या मोटरबद्दल."

"कंटाळा आला?"

"आला की. शेवटी शेवटी मोटरचा फार कंटाळा आला. पण चालायला बरं वाटत होतं."

तन्वी आली नव्हती. तिला रान आवडत नाही, चिखल आवडत नाही. ती आजीजवळ राहिली. सगळ्यांनी एकत्र, एका फोटोत बसेल असं काही करायला हवं, हा हट्ट वैशालीताईंनी पूर्ण सोडलाय असं मी म्हणणार नाही. पण त्या दिवशी तिला ओढलं नाही.

जानेवारीत शेवटची भेट ठरली होती, तेरा तारखेला. आदल्या दिवशी त्यांचा फोन.

"मॅडम, उद्याचं नाही जमत. भोगी आहे. हे आणि चिन्मय आज रानातनं हरभऱ्याचे डहाळे घेऊन आलेत, बोजाच आणलाय. उद्या भाजीला लागणार, सोलत बसलोय सगळी. आंबेनं बोटं चरचरायला लागलीत. थांबा हं— अगं, तोंडात टाकू नकोस, भाजीला उरणार नाहीत!"

पलीकडे कुणीतरी हसलं. मुलगी असावी.

"मग पुढच्या आठवड्यात?" मी विचारलं.

"बघते. कॅलेंडर बघून सांगते."

"फ्रिजवरचं? आहे का अजून?"

"आहे की. गॅसचा नंबर लावल्याची तारीख लिहितो आता त्यावर."