मिकू म्हणजे पेटी, वाजवतंय कोण ते बघ

प्रश्न : मी २३ वर्षांचा, खानापूरहून रोज बेळगावच्या उद्यमबागला कामाला जातो, जाऊन-येऊन दोन तास बसमध्येच जातात. कॉलेजात ॲनिमे बघता बघता जपानी गाण्यांचा नाद लागला आणि तिथनं हात्सुने मिकू ही सॉफ्टवेअरमधली गायिका सापडली. पण यूट्यूब सारखं तीच ती नाचायची गाणी पुढं ढकलतंय. आता नोकरी लागली, घरात लग्नाचं बोलणं निघालंय, माझ्या वयाला लागू पडतील अशी वोकॅलॉइड, म्हणजे सॉफ्टवेअरच्या आवाजातली, गाणी सांगा की. आणि आमचा दादा म्हणतो मशीन गातंय त्यात भावना कुठली, त्याला काय सांगू? – एक वाचक, खानापूर

उत्तर : आधी दादाचं बघू. तुमच्या गल्लीत भजनी मंडळ असणारच. पेटी एकच, भाता जरा फाटका, रोजचा माणूस वाजवतो तेव्हा नुसती पीं पीं, आणि एकादशीला बाहेरगावचा कोणतरी जाणकार बसला की तीच पेटी अंगावर काटा आणते. मिकू म्हणजे ती पेटी. साप्पोरोच्या क्रिप्टन फ्यूचर मीडिया कंपनीनं ३१ ऑगस्ट २००७ ला हे सॉफ्टवेअर विकायला काढलं, आत यामाहाचं वोकॅलॉइड इंजिन, आवाज साकी फुजिता या व्हॉइस ॲक्ट्रेसचा, तुकड्या-तुकड्यानं रेकॉर्ड केलेला. चाल बसवायची, शब्द टाकायचे, कुठं श्वास, कुठं कंप, सगळं माऊसनं ठरवायचं. आणि हे करणारी बरीचशी पोरं विशी-पंचविशीतली, रात्री खोलीचं दार लावून बसणारी, ज्यांच्याकडं ना गायिका होती ना स्टुडिओला पैसे. भावना त्यांची रे.

म्हणून सर्चमध्ये 'मिकू' टाकूच नको, सगळं एका पोत्यात सांडतंय. गाणं बनवणाऱ्याचं नाव टाक. तिकडं त्यांना 'पी' म्हणतात, प्रोड्यूसरचा पी.

तुझ्यासाठी पहिलं गाणं नानोउचं 'हॅलो, हाउ आर यू', २०१० चं. मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा टिळकवाडीत रूम करून राहत होतो, पहिलीच नोकरी, जुलै महिना, दोरीवरचा शर्ट तिसऱ्या दिवशीपण ओला, आणि रूममेट विचारतोय की अरे मांजर कोंडलंय काय कुठं. गाण्यात बाकी काहीच घडत नाही. एकटं माणूस सकाळी खिडकी उघडतं, बाहेर धो धो पाऊस, हॅलो म्हणतं ते कुणालाच नाही, आणि वाटतं आपली चावी आता दुसऱ्या कुणीतरी पिळून द्यावी. बस्स एवढंच. पण पहिली नोकरी लागल्यावरचा तो एकटेपणा, ज्याच्याबद्दल घरी बोलायला गेलं की पगार मिळतोय की मग काय झालं असं ऐकायला मिळतं, तो इतक्या साध्या शब्दात मला तरी दुसरीकडं सापडला नाही. इंग्लिश सबटायटल लावून एकदा वाच, मग परत कधी वाचू नको, नुसतं ऐक. जूनमध्ये तुमच्या बसची खिडकी लागत नसंल तेव्हा तर खासच.

दुसरा माणूस वोवाका. 'रोलिंग गर्ल' २०१० चं, पियानो आणि गिटार असे सुसाट की आपलीच दमछाक होते, पडायचं आणि परत एकदा म्हणत घरंगळायचं. हे शाळेतल्या वयाचं गाणं म्हणतात पण मला ते टार्गेट पूर्ण न झालेल्या महिन्यात जास्त कळलं. वोवाकानं मग स्वतःचा बँड काढला, स्वतः गायला लागला, मिकूसाठी बरीच वर्षं काही केलं नाही आणि तिच्या दहाव्या वाढदिवसाच्या वर्षी, २०१७ ला, 'अननोन मदर-गूज' घेऊन परत आला. २०१९ च्या एप्रिलमध्ये वारला, वय फक्त ३१. ही दोन्ही गाणी पाठोपाठ ऐक, मधल्या सात वर्षांत माणूस कसा मोठा झाला ते कानाला कळतं.

त्याच २०१७ ला हाचीपण परत आला, 'सुना नो वाकुसेई' म्हणजे वाळूचा ग्रह घेऊन. हाची म्हणजे आजचा केन्शी योनेझू, 'लेमन' गाण्यावाला, जपानातला मोठा स्टार. ज्या वोकॅलॉइडच्या जगात तो वाढला त्यालाच त्यानं वाळवंट म्हटलं, आणि तेही मिकूच्याच मोठ्या कार्यक्रमाच्या थीम साँगमध्ये! तेव्हा बरेच फॅन भडकले होते. मला ते गाव सोडून गेलेल्या पोराचं गाणं वाटतं, जो दिवाळीला येतो आणि म्हणतो इथं आता काय राहिलं नाही, पण बोलताना डोळे भरलेले. बेंगळूरुला गेलेले तुझेपण दोस्त असतील, त्यांना पाठव.

बाकीची पटापट. प्रेमभंग झाला असंल तर बलूनचं 'शार्ल' (२०१६), यात मिकू नाही, फ्लॉवर नावाचा जरा जाड, पोरगेला आवाज आहे. लग्नाचं निघालंय म्हणतोस तर ४०एमपीचं 'रेनाई साइबान' ऐक, पोरगा प्रेमात चुकलाय आणि कोर्टात उभा राहून सफाई देतोय, हसशील. नेरूचं 'लॉस्ट वन'वालं गाणं (२०१३, आवाज कागामिने रिनचा, तीपण मिकूसारखीच सॉफ्टवेअरमधली) मार्कांवरून घरी बोलणी खाल्लेल्या सगळ्यांसाठी.

एक मात्र सांभाळून. कान्झाकी इओरीचं 'इनोची नि किरावारेते इरू' (२०१७) सगळेच सुचवतात, गाणं चांगलंच आहे, शेवटी जगच म्हणतं, पण मरणाबद्दल फार उघड बोलतं. मन आधीच खाली बसलेलं असताना रात्री दोनला एकट्यानं लावू नको. आणि तसं खरंच काही चाललं असंल तर प्लेलिस्ट बाजूला ठेव, कुणाशीतरी बोल, सरकारची टेली-मानस लाईन १४४१६ आहे, फुकट, मराठीत बोल नाहीतर कन्नडमध्ये.

प्रश्न : मुलगा २१ वर्षांचा, इंजिनिअरिंगला आहे. दिवसभर कानात ते चिमणीसारखं चिवचिव. आम्हाला एक अक्षर कळत नाही, त्याला तरी काय कळतं? – एक आई, शहापूर, बेळगाव

उत्तर : काकू, भीमसेनांची कन्नड दासवाणी आपल्याकडं कितीतरी मराठी घरांत सकाळी लागते, त्यातला शब्दन् शब्द कुठं कळतो सगळ्यांना, म्हणून कुणी रेडिओ बंद केलाय का? तुम्ही असं करा, 'सेनबोनझाकुरा' हे गाणं मुलाला लावायला सांगा, पण मिकूचं नको, साचिको कोबायाशी यांनी गायलेलं. या बाई एन्का गाणाऱ्या, म्हणजे जपानी जुन्या वळणाच्या गाण्यातल्या मोठ्या गायिका, आणि साठी ओलांडल्यावर २०१५ च्या ३१ डिसेंबरला एनएचके या जपानी टीव्ही चॅनेलच्या कोहाकू या गाण्यांच्या कार्यक्रमात त्यांनी हे पोरांचं गाणं अख्ख्या देशासमोर गायलं. मूळ गाणं कुरोउसा-पीचं, २०११ चं. ते आवडलं तर मग मिकूकडं वळा, कुंदा पुढ्यात ठेवून दोघांनी मिळून ऐका. चिवचिव तरीपण वाटणारच, मला अजून कधीकधी वाटते.

प्रश्न : असा आवाज वापरून मराठीत गाणं करता येईल काय? पैसे नाहीत. – निपाणी

उत्तर : येईल की गा. कासाने तेतोची गोष्ट माहीत हाय का? २००८ च्या १ एप्रिलला जपानी पोरांनी चेष्टा म्हणून खोटी वोकॅलॉइड गायिका उभी केली, आणि मग यूटाऊ नावाच्या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये तिला खरोखरच आवाज दिला. आज तीच तेतो २०२४ च्या 'मेस्मरायझर' गाण्यात मिकूच्या खांद्याला खांदा लावून गातेय. यूटाऊत आपलाच आवाज भरता येतो, जपानी बाराखडी एकेक करून माईकपुढं म्हणायची. जपानीत बहुतेक अक्षरं स्वरावर संपतात म्हणून त्यांचं थोडक्यात भागतं. आपल्याकडं जोडाक्षरं आली की घोळ, 'प्रेम'चं 'पुरेम' होतंय. सुरुवातीला जोडाक्षरं टाळून चार ओळी लिही, ओवीच्या चालीवर बसव, पंखा बंद करून रेकॉर्ड कर. आणि 'ळ' सगळ्यात आधी करून बघ, तो जपानीत नाहीच, तिथंच तुझी पहिली रात्र जाणार आहे.